काठी लपवली, कपडे वरच राहिले

आमच्या घरात शस्त्रं बरीच होती, परवाना एकाचाही नव्हता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून. रजिस्टरात रेघा मारायचा एक काळाभोर लाकडी रूळ कचेरीतून एकदा घरी आला तो परत गेलाच नाही. अण्णा स्वभावानं गरीब. त्यांनी तो रूळ माझ्यावर कधी उगारला नाही. नुसता टेबलावर टकटक वाजवायचे आणि मला सतराचा पाढा आठवायचा. आईकडे लाटणं होतं, उलथनं होतं, पण ती आपली ऐनवेळी हाताला लागलेली हत्यारं. तिचं खरं शस्त्र म्हणजे कपडे वाळत घालायची काठी.

ज्यांच्या घरी छताला दांड्या टांगलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत गॅलरी होती ती एक माणूस आणि एक तुळस मावेल एवढी. त्यामुळे पावसाळ्यात कपडे घरातच, बाहेरच्या खोलीत, छताजवळच्या दांड्यांवर वाळायचे. पिळलेला कपडा काठीच्या टोकावर घ्यायचा, वर चढवायचा, टोकानंच पसरायचा आणि वाळला की टोकानंच खाली ओढायचा. आमची काठी बांबूची, अण्णांपेक्षा उंच. ह्या उंचीचा आईला मोठाच फायदा होता. मी खोडी काढून कॉटखाली शिरलो की तिला स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा यावं लागत नसे. एका हातानं आमटी ढवळत दुसऱ्या हातानं ती उंबऱ्यातूनच कॉटखालच्या माझ्या पोटऱ्यांचा वेध घ्यायची. (नेम चुकल्याचं मला आठवत नाही.)

यथावकाश मी मोठा झालो, काठीच्या टप्प्यातून बाहेर पडलो आणि कम्प्युटरवाला झालो. तेव्हा दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठली होती. ते बंद पडू नयेत म्हणून, ज्याला एंटरचं बटण कुठे असतं ते ठाऊक आहे अशा प्रत्येकाला नोकरी मिळत होती. मलाही मिळाली. आमच्या टीममध्ये देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं होती आणि दुपारी जेवायला कुठे जायचं यावर त्यांचं एकमत झालेलं मी कधी पाहिलं नाही.

एकदा चहाच्या वेळी विषय निघाला, लहानपणी कोणी कशानं मार खाल्ला. आणि काय सांगू, भारत एक झाला! हिंदीवाल्याचा बेंत, बंगाल्याचा बेत, कानड्याचा बेत्त, तेलुगूवाल्याचा बेत्तम, आपला वेत. नावात जरा इकडेतिकडे, तळहातावरचा वळ तोच. गुजरात्यानं सोटी सांगितली, तमिळानं पिरंबु. यवतमाळचा एक पोरगा म्हणाला, "आमच्याकडं वाळली पऱ्हाटी. मारून झालं का आई तीच चुलीत घालते." कापसाच्या काडीचा असा दुहेरी उपयोग ऐकून सगळ्यांना त्याच्या आईचं कौतुक वाटलं. मी आमची काठी सांगितली, ती लांबीच्या जोरावर पहिली आली.

टीममध्ये श्रीजा नायर नावाची केरळची मुलगी होती. ती म्हणाली, "आमच्याकडे चूरल म्हणतात. पण मी नुसतं ऐकलंय. मला कधी कोणी मारलंच नाही."

तिला देवीची लस टोचायची राहून गेली असावी तसे सगळे तिच्याकडे बघायला लागले. एकानं विचारलं, "चापटसुद्धा नाही?" तिनं मान हलवली. मी तिथल्या तिथे प्रेमात पडलो. न मारलेलं माणूस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो.

पुढचं सगळं रीतसर झालं, म्हणजे सिंहगड झाला, कॉफी झाली, आणि मग एके दिवशी श्रीजानं सांगितलं की तिचे वडील पुण्याला येताहेत, आमचं घर बघायला. आई तिला नव्हती. वडिलांनीच वाढवलेलं. "ते जात विचारणार नाहीत, पत्रिका नाही, पगार तर नाहीच नाही," ती म्हणाली. "एकच गोष्ट विचारतात. घरात मुलांना मारायचे का?"

"आणि मारत असले तर?"

"तर उठतात." आदल्या वर्षी एक अमेरिकेतलं स्थळ ह्याच कारणावरून परत गेलं होतं. मुलाच्या वडिलांनी मोठ्या अभिमानानं कमरेचा पट्टा दाखवला होता, ह्याच्यामुळे आमचा मुलगा आज एवढा शिकला म्हणून. नायरसाहेबांचं म्हणणं असं की मार खाल्लेला माणूस पुढे मारतो. आपल्या नातवंडांना कोणी हात लावलेला त्यांना चालणार नव्हता. "आणि अच्छननी, बाबांनी, नाही म्हटलं तर मी पळूनबिळून येणार नाही, विनू," श्रीजा म्हणाली. "आम्ही दोघंच आहोत एकमेकांना." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी येऊन सांगितलं. मुलगी केरळची आहे हे आईनं शांतपणे घेतलं.

"मासे खाते?"

"खाते."

"इथे नाही."

"बरं."

तो विषय तेवढ्यावर संपला. पण मारण्याचं सांगितल्यावर ती जात्यावर बसावं तशी ठाम बसली. म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही. विचारलं नाही तर आपणहून सांगणार नाही. एवढंच जमेल." अण्णांनी विचार करून सुचवलं की आपण विचारायला वेळच ठेवू नये, आल्याबरोबर पोहे द्यावेत. अण्णांचा पोह्यांवर फार विश्वास.

मला तो पुरेसा वाटेना. ज्या दिवशी ते यायचे त्या दिवशी सकाळी मी घर निःशस्त्र करायला घेतलं. रूळ गादीखाली गेला. लाटणं आणि उलथनं पिठाच्या डब्यात. अण्णांची छत्री, माझी बॅट, माश्या मारायची जाळी, पाठ खाजवायचा लाकडी हात, पायपुसणं झटकायचा दांडका, सगळं कपाटात कोंबून कुलूप लावलं. घरात लांबट म्हणून फक्त उदबत्त्या राहिल्या. प्रश्न उरला काठीचा. ती कपाटात मावेना, कॉटखाली ठेवली तर दोन्हीकडून बाहेर डोकावायची, दारामागे उभी केली तर दार लागेना. एवढी वर्षं ज्या लांबीचा मला धाक होता तीच आता मुळावर आली. शेवटी मी ती समोरच्या लेलेकाकूंकडे नेऊन दिली.

लेलेकाकूंनी कारण विचारलं. मी म्हटलं, पाहुणे येताहेत. "पाहुणे आले की लोक खुर्च्या मागून नेतात. तू काठी आणून देतोस," असं म्हणून त्यांनी ती घेतली.

एवढी खबरदारी घेऊन मी मान वर करून काही बघितलं नाही. ही माझी चूक. आई पहाटे उठते, कपडे धुते आणि चहाच्या आधी ते वाळत घालते. लग्न झाल्यापासून तिचा हा क्रम मोडलेला नाही, माझ्या लग्नासाठी तरी तो का मोडावा? पावसाळाच होता, कपडे वर गेलेले होते. मी काठी शेजारी पाठवली ती त्यानंतर.

नायरसाहेब श्रीजाबरोबर आले. शुभ्र शर्ट, शुभ्र केस, बारीक अंगकाठी, चेहरा मृदू. अण्णा दारात हात जोडून "काइंडली कम, काइंडली बी सीटेड" म्हणाले. कचेरीत त्यांनी जन्मभर इंग्रजी मसुदे लिहिले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात 'काइंडली' फार. नायरसाहेबांनी हिंदीत सांगितलं की नोकरीची बरीच वर्षं नागपुरात गेली, मराठी चांगली समजते, बोलताना मात्र हिंदीच तोंडात येते. म्हणजे मराठीत कुजबुजायची सोयसुद्धा गेली. नवा अभ्रा घातलेली खुर्ची एकच होती, तीवर त्यांना बसवलं. ती बरोब्बर दांडीच्या खाली होती.

पहिला थेंब त्यांच्या खांद्यावर पडला तेव्हा त्यांनी तो सभ्यपणे पुसला. दुसरा पोह्यांत पडला. मग सगळ्यांनीच वर पाहिलं. वर माझे बनियन, आईची साडी आणि मध्यभागी अण्णांची हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची नाडीची चड्डी. थेंब तिचेच होते.

"पंखा लाव रे," अण्णा म्हणाले. पंखा लावला. त्यानं झालं एवढंच की आतापर्यंत एका जागी पडणारे थेंब सर्वांना मिळू लागले. आईनं मला डोळ्यांनी विचारलं, काठी कुठाय. मी डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बस. मग मी उठलो, सहज आळस दिल्यासारखे हात वर केले आणि चड्डीच्या रोखानं एक उडी मारली. पोचलो नाही. आळस देताना माणूस दोनदा उडी मारत नाही, म्हणून परत येऊन बसलो.

नायरसाहेबांना मात्र त्या दांड्यांचं खरोखरच कुतूहल वाटलं. त्यांनी छताकडे नीट बघितलं, भिंतींकडे बघितलं, आणि अगदी साध्या भाबड्या सुरात विचारलं, "ये कपडे ऊपर कैसे जाते हैं?"

इतक्या निरुपद्रवी प्रश्नानं एवढं संकट कोणावर आलं नसेल. आई खोटं बोलणार नव्हती, ती पोह्यांवर खोबरं पेरत राहिली. अण्णा म्हणाले, "काइंडली टेक सम मोअर." मग उत्तर माझ्यावरच आलं.

"हाथ से," मी म्हणालो.

त्यांनी छत पाहिलं. मग मला पाहिलं. आमच्या घराण्यात उंचीचा इतिहास नाही. श्रीजानं कपाळाला हात लावला.

त्यावर आणखी काही विचारलं जाणार, तेवढ्यात दारावर थाप पडली. अण्णांनी दार उघडलं तर आधी काठी आत आली आणि मग लेलेकाकू.

"घ्या तुमची काठी," ती आईच्या हातात देत काकू म्हणाल्या. "आमच्याकडे ती दारात आडवी येते. मी दोनदा अडखळले." मग पाहुण्यांकडे बघून, आपण ओळख करून देतोय अशा थाटात, "ह्या काठीनं काय मार खाल्लाय हो ह्यानं! केकाटायचा तो आमच्या देवघरात ऐकू यायचा." आणि त्या गेल्या. चहा घेता का हे आम्ही विचारेपर्यंतही थांबल्या नाहीत.

चड्डीतून थेंब पडतच होते. आईला ते बघवेना. काठी हातात आल्यावर तिच्यातली गृहिणी जागी झाली आणि तिनं ती चड्डी काढायला म्हणून सर्रकन वर उगारली.

आता जे घडलं त्यात माझ्या मनाचा काही हात नव्हता. काठी वर गेली आणि मी, सत्तावीस वर्षांचा, हाताखाली माणसं असलेला, लंडनच्या साहेबाशी फोनवर बोलणारा मी, एक पाय वर घेऊन दोन्ही हातांनी पोटऱ्या झाकून कॉटच्या कोपऱ्यात उभा होतो. अण्णांनी जुन्या सवयीनं आपला कप उचलून बाजूला धरला. संपलं सगळं, मला वाटलं. आता हे उठतील. मी नायरसाहेबांकडे पाहिलं.

नायरसाहेबांचे दोन्ही तळहात काखेत होते.

खांदे कानांपर्यंत वर, मान आत, डोळे काठीच्या टोकावर. शुभ्र केसांचा तो माणूस पाचवी-सहावीतल्या पोरासारखा खुर्चीत आक्रसून बसला होता. श्रीजा त्यांच्याकडे बघतच राहिली. तिनं ते कधी पाहिलं नव्हतं, कारण त्यांच्या घरात काठी कधी कोणी उचललीच नव्हती.

आईनं काठी हळूच खाली घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. नायरसाहेबांनी एकेक हात काखेतून काढला आणि मांडीवर ठेवला. ते शरमले होते. मग हिंदीत बोलायला लागले. त्यांचे वडील शाळामास्तर, आणि ह्यांच्याच वर्गाला शिकवायचे. त्यामुळे चूरल शाळेत, आणि तीच चूरल संध्याकाळी वडिलांबरोबर चालत घरी. नागपूरला बढती मिळाली तेव्हा साहेबांनी अभिनंदन करायला हात पुढे केला आणि ह्यांचा हात आपोआप मागे गेला. सगळं ऑफिस हसलं. "उस दिन सोचा," ते म्हणाले, "मेरी बेटी का हाथ पीछे नहीं जाएगा."

श्रीजा उठून त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. (माझा पाय अजून वरच होता, तो मी खाली घेतला.)

मग त्यांनी आईकडे वळून तो प्रश्न विचारला. आवाज चढवला नाही. "आपने मारा?"

"मारलं," आई म्हणाली. "खोटं कशाला बोलू? एकटीच्या अंगावर घर, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि हा गॅलरीच्या कठड्यावर चढायचा. समजावून सांगायला मला वेळ नव्हता. मलाही लहानपणी फोकच मिळाली होती, चिंचेची. दुसरं काही मला कोणी शिकवलं नाही." ती जरा थांबली. "चांगलं केलं असं नाही म्हणत मी. आता त्याच्याकडे बघून वाईट वाटलं मला. एवढा घोडा झाला तरी तसाच उभा राहतो."

आईला वाईट वाटल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, तेसुद्धा परक्या माणसासमोर. नायरसाहेबांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, केरळच्या मानेवरून मला कळेना. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "और आप? आप मारेंगे?"

उत्तर मी घोकून ठेवलं होतं. त्यात संवाद, संस्कार, आधुनिक पालकत्व असे शब्द होते. त्यातला एक आठवेल तर शपथ. मी खरं तेच बोललो. म्हटलं, "मारायचं तर काठी हातात धरावी लागेल. मला तर ती भिंतीला टेकलेली दिसली तरी घाम येतोय."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग श्रीजाला मल्याळममध्ये काहीतरी म्हणाले आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी विचारलं, काय म्हणाले? ती सांगेना. शेवटी त्यांनीच हिंदीत सांगितलं. "लडका बहादुर नहीं है. चलेगा."

अण्णांनी "काइंडली" म्हटलं आणि पुढचं त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी नायरसाहेबांचा हात धरला. तो मागे गेला नाही.

त्यांची अट मात्र एकच होती, आणि ती त्यांनी माझ्याकडून उभ्या उभ्या वदवून घेतली. मूल काहीही करो, हात उचलायचा नाही. समोर बसायचं आणि बोलायचं. त्याला पटेपर्यंत बोलायचं. मी आनंदाच्या भरात म्हटलं, हो हो, बोलू की, त्यात काय!

त्यानंतर मात्र बैठक रंगली. नायरसाहेब म्हणाले, आमच्याकडे छडी खाण्याला चूरल-कषायम म्हणतात. आईनं विचारलं, कषाय म्हणजे काढाच ना? हो म्हणाले. आई म्हणाली, तुमच्याकडे काढा, आमच्याकडे प्रसाद आणि धम्मकलाडू. तुमचे मास्तर मुलांना औषध देत होते, आमचे जेवायला घालत होते. ह्यावर तो माणूस इतका हसला की डोळे पुसायला त्याला रुमाल पुरेना आणि आईनं वरून माझा एक बनियन काढून दिला. (काठीनंच काढला. ह्या वेळी आम्ही दोघं नुसते दचकलो.) निघताना त्यांनी ती काठी स्वतः हातात घेऊन पाहिली आणि अण्णांची चड्डी दांडीवर सरळ पसरून दिली. पहिल्याच प्रयत्नात जमलं त्यांना.

लग्न झालं. मुलगी झाली. तिला मी किंवा श्रीजानं कधी बोटसुद्धा लावलेलं नाही. दिलेला शब्द मी पाळला, समोर बसून बोललो, पटेपर्यंत बोललो. त्याचा परिणाम एवढाच झाला की मुलगी माझ्यापेक्षा फार चांगलं बोलायला शिकली.

परवाच मी तिला म्हटलं, आता मोबाईल ठेव आणि अभ्यासाला बस. तिनं मोबाईल ठेवला, माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बाबा, आपण ह्यावर बोलू या." मग ती बोलली. माझा मुद्दा आधी मला नीट समजावून सांगितला, मग तो कुठे लंगडा पडतो ते सांगितलं, मग मी स्वतः मोबाईलवर किती वेळ असतो ते सांगितलं, मग माझ्या बोलण्यातला राग खरा कुठला आहे ते हळुवारपणे विचारलं. आमटी थंड झाली, श्रीजा जेवून उठली, आई आत झोपायला गेली, आणि हिचं अजून "बाबा, तुम्हाला पटतंय का, पटत नसेल तर परत सांगते" चालूच होतं.

शेवटी मी तिच्यासमोर दोन्ही हात पुढे केले. "माझे आई," म्हटलं, "हवे तर दोन फटके मार, पण आता बोलणं आवर."